कुलगुरूंचे वेतन : विचारावे का, कोणाला आणि नेमके काय?

वाचकाचे पत्र

मी बँकेतून निवृत्त झाले असून यंदा नोंदणीकृत पदवीधरांच्या मतदारसंघातून आमच्या विद्यापीठाच्या अधिसभेवर (सिनेटवर) निवडून आले आहे. अर्थसंकल्पाची पुस्तिका वाचताना कुलगुरू कार्यालयाचा खर्च मला एकाच एकत्रित रकमेत दिसला. त्यात वेतन किती, भत्ते किती आणि निवासस्थानावरचा खर्च किती, हे कळेना. हा प्रश्न अधिसभेत विचारणार असल्याचे मी एका ज्येष्ठ सदस्यांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "ताई, गुरूचा पगार विचारणे आपल्या रीतीत बसत नाही, आणि शिवाय ती वैयक्तिक माहिती आहे." माझी मुलगी इंग्लंडमध्ये शिकते. तिच्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालात तेथील कुलगुरूंचे वेतन छापलेले असते आणि ते तेवढे का, याचे कारणही दिलेले असते. माझा भाचा एका खासगी विद्यापीठात शिकवतो, तेथे मात्र कोणाचाच पगार कोणाला ठाऊक नाही. मी प्रश्न विचारावा का? विचारल्यास तो कसा विचारावा, म्हणजे कोणाचा अवमानही होणार नाही आणि उत्तर टाळताही येणार नाही?

एक अधिसभा सदस्य, पश्चिम महाराष्ट्र

उत्तर

सप्रेम नमस्कार.

प्रश्न अवश्य विचारा. मात्र कुलगुरूंचे मूळ वेतन किती, हे आपल्याला आजच, कोणालाही न विचारता कळू शकते. तेवढ्यासाठी अधिसभेतील आपली संधी खर्च करू नये, असे मी सुचवेन. विचारण्याजोगे जे आहे ते त्या आकड्याच्या भोवती आहे : कोणता भत्ता कोणत्या आदेशाने मिळतो, कोणता खर्च कोणत्या निधीतून होतो आणि त्याला मंजुरी कोणी दिली. विद्यापीठाच्या वित्त विभागात मी बरीच वर्षे काम केले आहे. वेतनाच्या आकड्यावरून झालेले वाद मी फार थोडे पाहिले. मंजुरीचा कागद कोणता, यावरून झालेले पुष्कळ पाहिले.

आधी मूळ वेतनाचा विषय संपवू. आपल्या राज्यातील सार्वजनिक अकृषी विद्यापीठांत कुलगुरूंशी वेतनाची बोलणी होत नाहीत. शोध समिती नावे सुचवते, राज्यपाल कुलपती या नात्याने त्यांतील एकाची नेमणूक करतात, पण या दोहोंपैकी कोणीही उमेदवाराला "आपली अपेक्षा किती?" असे विचारत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार कुलगुरू हे विद्यापीठाचे पूर्णवेळ वेतनी अधिकारी असतात आणि त्यांचे वेतन व भत्ते राज्य शासन ठरवते. शासन ते ठरवते तेव्हा केंद्राच्या वेतनश्रेणीचा आधार घेते. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २ नोव्हेंबर २०१७ रोजी विद्यापीठीय शिक्षकांच्या वेतनाचा आदेश काढला, त्यात कुलगुरूंचे वेतन दरमहा २,१०,००० रुपये असे निश्चित केले. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये आपले विनियम प्रसिद्ध केले, आणि राज्याच्या उच्च व तंत्र शिक्षण विभागाने ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने ही सुधारित वेतनरचना १ जानेवारी २०१६ पासून राज्यातील विद्यापीठांना व महाविद्यालयांना लागू केली. हा शासन निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतो, आणि आपण तो छापून जवळ ठेवावा.

'निश्चित' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. प्राध्यापकाला दरवर्षी वेतनवाढ मिळते, कुलगुरूंना मिळत नाही. १९८६ च्या वेतनरचनेत कुलगुरूंसाठी ७,६०० रुपये, १९९६ च्या रचनेत २५,००० रुपये, २००६ च्या रचनेत ७५,००० रुपये आणि आताच्या रचनेत २,१०,००० रुपये अशी एकेकच रक्कम ठरलेली आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे, तर गडचिरोलीचे गोंडवाना विद्यापीठ २०११ सालचे. दोहोंच्या विस्तारात आणि कामाच्या बोजात जमीनअस्मानाचे अंतर आहे, पण मूळ वेतनाची रक्कम एकच. केंद्राच्या वेतन-तक्त्यात प्राध्यापकाचा स्तर १,४४,२०० रुपयांपासून सुरू होऊन २,१८,२०० रुपयांपर्यंत जातो. म्हणजे स्तराच्या टोकाला पोचलेल्या प्राध्यापकाचे मूळ वेतन आपल्याच कुलगुरूंपेक्षा कागदावर अधिक असू शकते. असा प्राध्यापक स्वतः कुलगुरू झाला तर त्याच्या आधीच्या वेतनाला संरक्षण कसे दिले जाते, हा एक खरा, उपयुक्त आणि सभ्य प्रश्न आहे.

या मूळ वेतनावर महागाई भत्ता येतो. उदाहरणादाखल तो ५० टक्के धरला, तर २,१०,००० वर १,०५,००० रुपये होतात आणि बेरीज ३,१५,००० रुपयांवर जाते. त्याखेरीज कुलगुरूपदाचा एक विशेष भत्ता असतो. सहाव्या वेतन आयोगाच्या काळात तो ५,००० रुपये होता, पुढे केंद्राने तो ११,२५० रुपये केला. आपल्या विद्यापीठात कोणता दर चालू आहे आणि तो राज्याच्या कोणत्या आदेशाने, हे विचारावे. आपण बँकेत काम केलेले असल्यामुळे हे वेगळे सांगायला नको, पण तरी सांगतो : रकमेसमोर आदेशाचा क्रमांक व दिनांक नसेल, तर ते उत्तर अपुरे समजावे.

आता त्या आकड्याच्या बाहेर काय असते ते पाहू, कारण आपल्या पुस्तिकेतील एकत्रित रक्कम बहुधा तेथेच फुगलेली असेल. कायद्यानेच कुलगुरूंना विनामूल्य, सुसज्ज निवासस्थान आणि चालकासह मोटार, तिच्या इंधन व दुरुस्तीसह, देऊ केलेली आहे. यात गैर काही नाही. दिवसभर पाच जिल्ह्यांतील महाविद्यालयांत फिरणाऱ्या माणसाला गाडी हवीच. परंतु निवासस्थान 'सुसज्ज' ठेवण्याचा खर्च किती असावा, हे कायदा सांगत नाही. पडदे, वातानुकूलन यंत्रे, बागेची देखभाल, स्वयंपाकी व पहारेकरी यांचे वेतन, नवा कुलगुरू आल्यावर होणारे नूतनीकरण, दुसरी गाडी, परदेश दौरा, सत्कार समारंभ, दूरध्वनी, आतिथ्य, या सगळ्या बाबी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली विखुरलेल्या असतात. वेतन शासनाच्या अनुदानातून येते. यांतला बराचसा खर्च मात्र विद्यापीठाच्या स्वतःच्या निधीतून होतो, आणि तो निधी मुख्यतः विद्यार्थ्यांच्या परीक्षा शुल्कातून व महाविद्यालयांच्या संलग्नीकरण शुल्कातून जमतो. शेतमजुराच्या मुलीने भरलेल्या परीक्षा शुल्काचा एक अंश त्या पडद्यांत असू शकतो. पडदे नसावेत असे मी म्हणत नाही. त्या रकमेला व्यवस्थापन परिषदेची किंवा वित्त व लेखा समितीची मंजुरी होती का, निविदा निघाली होती का, आणि लेखापरीक्षकाने त्यावर काही आक्षेप नोंदवला आहे का, हे विचारण्याचा आपल्याला, म्हणजे त्या मुलीच्या वतीने अधिसभेत बसलेल्या सदस्याला, पूर्ण अधिकार आहे.

आणखी एक बाब बरेचदा नजरेतून सुटते. कुलगुरूपदी आलेली व्यक्ती आधीच सेवानिवृत्त झालेली असेल, तर तिला निवृत्तिवेतनही चालू असते. वेतन आणि निवृत्तिवेतन यांचा मेळ कोणत्या आदेशानुसार घातला, हे विचारावे. तसेच कुलगुरूंना पदसिद्ध नात्याने एखाद्या समितीचे किंवा परीक्षाकामाचे मानधन मिळते का, आणि मिळत असल्यास ते घेण्यास परवानगी कोणाची, हेही विचारावे. याची उत्तरे बहुतेक वेळा अगदी साधी आणि नियमाला धरून असतात. तसे असेल तर ती सर्वांसमोर वाचली जाण्यात कुलगुरूंचेही हित आहे.

आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी 'गुरूचा पगार विचारू नये' असे म्हटले, त्याची मी थट्टा करणार नाही. ती भावना खरी आहे आणि तिची मुळे आपल्या इतिहासात आहेत. १८८४ साली पुण्यात डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी तुटपुंज्या वेतनावर वीस वर्षे सेवा देण्याचे व्रत घेतले होते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात महिना ७५ रुपयांवर शिकवले, आणि केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत अव्वल, ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे विलायतेतून परत येऊन त्याच संस्थेचे आजीव सदस्य झाले. पुढे हेच परांजपे लखनौ विद्यापीठाचे आणि नंतर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. आपल्याकडे शिक्षकाच्या पगाराविषयी बोलताना जीभ अडखळते ती या त्यागाच्या आठवणीमुळे. पण ते ७५ रुपये तुम्हाला आणि मला आज ठाऊक आहेत, ते कशामुळे? ती रक्कम कोणी लपवली नव्हती म्हणून. लोकांकडून देणग्या मागणाऱ्या संस्थेने आपले शिक्षक किती घेतात हे लोकांना सांगितले, आणि त्या सांगण्यामुळेच तिच्यावर विश्वास बसला. आपल्या सहकाऱ्यांना हे शांतपणे, एखाद्या दिवशी चहा घेताना सांगा. अधिसभेत त्यांच्यावर तोंडसुख घेऊ नका.

'वैयक्तिक माहिती' हा त्यांचा दुसरा आक्षेप अधिक काळजीपूर्वक तपासला पाहिजे, कारण त्यात कायद्याचा प्रश्न आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) मध्ये ज्या १७ बाबी प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करायच्या आहेत, त्यांतील दहावी बाब प्रत्येक अधिकाऱ्याचे व कर्मचाऱ्याचे मासिक वेतन आणि मोबदला देण्याची पद्धत ही आहे. रकमेबरोबर पद्धतही मागितलेली आहे, याकडे लक्ष द्या. सार्वजनिक विद्यापीठ हे सार्वजनिक प्राधिकरण असल्यामुळे हे बंधन त्याच्यावर आहे, आणि कोणी अर्ज करो वा न करो, ते आहेच. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर 'माहितीचा अधिकार' असे पान असते. ते उघडून दहाव्या बाबीखाली काय लिहिले आहे ते आधी पाहा. कित्येकदा तेथे काही वर्षांपूर्वीची यादी पडून असते किंवा 'शासन नियमानुसार' एवढेच दोन शब्द असतात. तसे असेल, तर आपल्या प्रश्नाचा पहिला भाग तयार झाला.

याच कायद्याच्या कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती न देण्याची तरतूद आहे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी अधिकाऱ्याच्या प्रकरणात त्याला मिळालेल्या नोटिसा, त्याची मालमत्ता व प्राप्तिकर विवरणपत्रे या गोष्टी वैयक्तिक मानल्या, आणि व्यापक जनहित असल्याशिवाय त्या देता येणार नाहीत असे म्हटले. त्यानंतर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने या कलमात दुरुस्ती केली. ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली असून त्यामुळे कलम अधिक कडक झाले आहे. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली माहितीच वैयक्तिक, ही जुनी मर्यादा आता त्या शब्दांत उरलेली नाही. मला या दुरुस्तीची चिंता वाटते, आणि ती मी दडवणार नाही, कारण नाही म्हणण्याची सवय असलेल्या कार्यालयाला तिने एक सोपे कारण हाती दिले आहे. तरीही दोन गोष्टी आपल्या बाजूने उभ्या आहेत. कलम ४ मधील वेतन प्रसिद्ध करण्याचे बंधन या दुरुस्तीने काढलेले नाही. आणि कलम ८(२) नुसार, जनहित हे संरक्षित हितापेक्षा मोठे असेल तेव्हा माहिती देता येते, ही तरतूदही कायम आहे.

म्हणून प्रश्न लिहिताना एक रेघ स्वतःच आखून घ्या. विद्यापीठाच्या तिजोरीतून जे जाते ते सर्व विचारावे : वेतन, भत्ते, निवास, वाहन, प्रवास, मानधन. ते पैसे व्यक्तीच्या हाती पडल्यावर तिने त्यांचे काय केले, ते विचारू नये. प्राप्तिकराची कपात, कर्जाचे हप्ते, बँक खाते, कुटुंबीयांच्या आजारपणाचा तपशील हे आपले क्षेत्र नाही. मी नोकरीत असताना एका अर्जदाराने एका मोठ्या अधिकाऱ्याच्या वेतनचिठ्ठीची प्रत मागितली होती. चिठ्ठीवर सोसायटीच्या कर्जाची कपात असल्यामुळे कार्यालयाने संपूर्ण अर्जच नाकारला, आणि जो तपशील द्यायलाच हवा होता तोही वर्षभर अडकून पडला. अर्जदाराने चिठ्ठीऐवजी 'देय रकमांचा बाबवार तपशील' मागितला असता, तर नाकारायला जागा राहिली नसती.

आता इंग्लंडविषयी, कारण आपल्या मुलीने पाहिलेला अहवाल एका प्रकरणानंतर तसा झाला आहे आणि ते प्रकरण आपल्याला उपयोगी आहे. तेथे सरकार कुलगुरूंचे वेतन ठरवत नाही. प्रत्येक विद्यापीठाच्या नियामक मंडळाची वेतन समिती ते ठरवते, म्हणून तेथे आकडे एकमेकांपासून फार दूर असतात. २०१७ साली बाथ विद्यापीठाच्या कुलगुरू ग्लिनिस ब्रेकवेल यांचे एकूण वेतन ४,६८,००० पौंडांवर पोचले आणि देशभर गदारोळ झाला. लक्षात घ्या, आकडा लपलेला नव्हता; दरवर्षीच्या हिशेबात तो छापला जात होता. लोकांना खटकले ते असे की ज्या वेतन समितीने हे वेतन ठरवले तिच्या सदस्यांत स्वतः कुलगुरूही होत्या, आणि समितीने कोणत्या निकषावर निर्णय घेतला हे कोणाला कळत नव्हते. त्या विद्यापीठात आपल्या अधिसभेशी बरेच साम्य असलेली 'कोर्ट' नावाची एक सभा होती. तिच्या फेब्रुवारी २०१७ च्या बैठकीत वेतन समितीच्या पारदर्शकतेविषयी नाराजीचा ठराव मांडला गेला. तो ३० विरुद्ध ३३ मतांनी फेटाळला गेला, आणि फेटाळणाऱ्या मतांमध्ये स्वतः कुलगुरूंचे व वेतन समितीच्या सदस्यांचेही मत होते. उच्च शिक्षणाला निधी देणाऱ्या तेथील परिषदेने चौकशी करून या मतदानावर टीका केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये कुलगुरूंनी पद सोडण्याचे जाहीर केले. तेव्हा त्यांना पूर्ण पगारी रजा मिळणार असल्याचे आणि सुमारे ३१,००० पौंडांचे बिनव्याजी वाहनकर्ज माफ होणार असल्याचे बाहेर आले, आणि पुन्हा संताप उसळला.

तीन मतांनी पडलेला तो ठराव वाया गेला, असे कोणी म्हणू शकणार नाही. जून २०१८ मध्ये ब्रिटनमधील विद्यापीठ मंडळांच्या अध्यक्षांच्या समितीने वेतनसंहिता प्रसिद्ध केली. कुलगुरू स्वतः वेतन समितीचे सदस्य असू नयेत, आणि नियामक मंडळाच्या अध्यक्षांनी त्या समितीचे अध्यक्षपद भूषवू नये, असे तिने सांगितले. इंग्लंडच्या नव्या नियामक कार्यालयाने त्याच वर्षी हिशेबाचे नियम काढले. त्यांनुसार प्रत्येक विद्यापीठाने प्रमुखाच्या एकूण मोबदल्याचा तपशील, तो तेवढा का याचे समर्थन, कर्मचाऱ्यांच्या मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात अगदी मधल्या, वेतनाच्या तो किती पट आहे हे गुणोत्तर, आणि १,००,००० पौंडांहून अधिक मूळ वेतन असलेल्या कर्मचाऱ्यांची संख्या छापणे आवश्यक झाले. आपल्या मुलीने वाचलेले 'कारण' तेथून आले आहे.

यातून आपण काय घ्यावे? त्यांची वेतन ठरवण्याची पद्धत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रत्येक समिती शेजारच्या विद्यापीठाकडे पाहून 'आमचे कुलगुरू सरासरीपेक्षा कमी कसे?' असे विचारू लागली की सगळ्यांचेच वेतन वर सरकत जाते, आणि कोणीही ते थांबवू शकत नाही. आपल्याकडची एकच निश्चित रक्कम कमी असेल, अपुरी असेल, पण ती या चढाओढीपासून मुक्त आहे. त्यांच्याकडून घ्यायचे ते प्रसिद्धीचे वळण : वार्षिक अहवालात एक पान, त्यावर कुलगुरू, प्र-कुलगुरू व कुलसचिव यांच्यावर वर्षभरात झालेला बाबवार खर्च, प्रत्येक बाबीसमोर आदेश किंवा ठराव क्रमांक, आणि खर्च अनुदानातून की विद्यापीठ निधीतून हा उल्लेख. मला तर त्यात आणखी एक ओळ हवी आहे : त्याच विद्यापीठात घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवणाऱ्या अध्यापकाला वर्षभरात सरासरी किती मिळाले. हे दोन आकडे एका पानावर शेजारी शेजारी आले, तर अधिसभेतील चर्चेला वेगळे गांभीर्य येईल.

आपल्या भाच्याच्या खासगी विद्यापीठाची गोष्ट निराळी आहे. तेथे कुलगुरूंचे वेतन विद्यापीठ चालवणारी संस्था आणि तिचे नियामक मंडळ ठरवते. ते शासकीय दराइतके असेल किंवा त्याच्या कित्येक पट असेल, आणि ते लोकांना सांगावे असा स्पष्ट दंडक नाही. माहिती अधिकाराच्या कायद्यात 'सार्वजनिक प्राधिकरण' म्हणजे काय हे सांगताना विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांचाही उल्लेख आहे, आणि खासगी विद्यापीठेही विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन होतात. म्हणून तेथेही हा कायदा लागू होतो, असा दावा करता येतो, पण त्यावर वाद होतो आणि तो वर्षानुवर्षे चालू शकतो. विद्यापीठ चालवणारी संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था असेल, तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सादर होतात, आणि तेथून प्रत मिळवण्याचा प्रयत्न करता येतो. विश्वस्त किंवा त्यांचे नातलगच पदावर असतील, तर त्यांना वाजवीपेक्षा अधिक मोबदला दिल्याने संस्थेची प्राप्तिकरातील सवलत धोक्यात येते, हेही तिच्या चालकांना ठाऊक असते. अमेरिकेत नफा न कमावणाऱ्या खासगी विद्यापीठालासुद्धा कर विभागाकडे भरलेला 'फॉर्म ९९०' लोकांना दाखवावा लागतो, आणि त्यात अध्यक्षांचे वेतन नावानिशी असते. करसवलत घेणाऱ्याने एवढे सांगावे, ही तेथील अपेक्षा आहे, आणि ती मला पूर्णपणे रास्त वाटते. आपल्याकडे तसा नियम व्हायला हवा. तोपर्यंत एक विनंती : भाच्याला कार्यालयातील कागद आणून द्यायला सांगू नका. त्याची नोकरी त्या संस्थेच्या मर्जीवर आहे, आणि आपल्या जिज्ञासेची किंमत त्याने मोजावी हे बरोबर नाही.

राहिला प्रश्न विचारण्याचा मार्ग. आपल्यापुढे दोन दारे आहेत, आणि दोन्ही वापरावीत, पण एकामागून एक. पहिले दार अधिसभेचे. अर्थसंकल्पाच्या बैठकीपूर्वी विहित मुदतीत लेखी प्रश्न द्या, आणि त्यात कुलगुरूंचे नाव न घालता पदाचा उल्लेख करा, कारण आपला प्रश्न पदाविषयी आहे. भाषा साधारण अशी असावी : "गेल्या तीन आर्थिक वर्षांत कुलगुरूपदासाठी झालेला खर्च वेतन, महागाई भत्ता, विशेष भत्ता, निवासस्थान, वाहन, प्रवास व मानधन या बाबींनुसार, संबंधित शासन निर्णय किंवा व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाच्या क्रमांकासह, तसेच खर्च कोणत्या निधीतून झाला या उल्लेखासह सभागृहापुढे ठेवावा." तीन वर्षे मुद्दाम मागा, म्हणजे एका व्यक्तीवर रोख आहे असे वाटणार नाही आणि वाढ कोठे झाली तेही दिसेल. बैठकीच्या आदल्या आठवड्यात कुलगुरूंची वेळ घेऊन त्यांना स्वतः सांगा की असा प्रश्न दिला आहे आणि त्यामागे कोणताही आरोप नाही. सभागृहात अचानक उठून विचारलेल्या प्रश्नाला माणूस बचावाच्या पवित्र्यात उत्तर देतो; आधी कळलेल्या प्रश्नाला वित्त व लेखा अधिकारी तक्ता तयार करून आणतात.

उत्तर अपुरे आले, तर दुसरे दार माहिती अधिकाराचे. राज्याच्या नियमांनुसार अर्जाला १० रुपयांचे न्यायालय शुल्क मुद्रांक लावावे लागते. अर्ज एकाच विषयाचा असावा आणि साधारणपणे १५० शब्दांत बसावा. वरचाच मजकूर त्यात सहज मावतो. वेतनाबरोबर परीक्षा विभागाच्या निविदाही मागितल्या, तर अधिकारी केवळ पहिल्या विषयाचे उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात. जन माहिती अधिकाऱ्याला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर न आल्यास किंवा समाधान न झाल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे, त्याला २० रुपयांचे मुद्रांक लागते. त्यानंतर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते, मात्र आयोगापुढे सुनावणीला बराच काळ लागू शकतो. अपिलात कलम ४(१)(ख) मधील दहाव्या बाबीचा उल्लेख करायला विसरू नका, आणि नकार 'वैयक्तिक माहिती' या कारणाने आला असेल तर कलम ८(२) चाही.

अधिसभेत उत्तर मिळाले, की त्याच बैठकीत एक छोटा प्रस्ताव मांडा : हा तक्ता यापुढे दरवर्षी वार्षिक अहवालात छापावा आणि संकेतस्थळावर ठेवावा. प्रस्तावाला अनुमोदन देण्याची विनंती सर्वप्रथम त्या ज्येष्ठ सदस्यांनाच करा. माझ्या अनुभवात, जुनी रीत जपणारी माणसे हिशेबाच्या बाबतीतही तितकीच काटेकोर असतात, आणि पगार 'विचारण्या'पेक्षा विद्यापीठाने तो आपण होऊन 'सांगावा' ही मागणी त्यांना पटण्याची शक्यता पुष्कळ अधिक आहे. मतदान झालेच, तर ज्यांच्या मोबदल्याचा तक्ता आहे त्यांनी त्यात भाग घेऊ नये, अशी विनंती अध्यक्षांना आधीच लेखी करून ठेवा.